मुलीच्या ठोकळ्यांची आगगाडी

ते ठोकळे माझे नव्हते. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मोटार, पट्टा, कार्बन असलं बरंच येईल, आणि ते सांगताना मला अजूनही बरं वाटतं. त्या बरं वाटण्यात मूळ गोष्ट बाजूला राहते. पंचवीसएक वर्षं ती अशीच बाजूला राहिली.

देवळाली प्रवरेत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. सगळा उसाचा भाग. विहिरीवरच्या मोटारी जळायच्या आणि टेम्पोत, बैलगाडीत, कधी सायकलच्या कॅरेजला बांधून माझ्याकडं यायच्या. जळालेली तार तोडून काढायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, सुकवायचं. हातात कला होती असं लोक म्हणायचे. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो, मी, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक दार होतं, ते दिवसभर उघडंच असायचं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, मस्कतला नोकरीला होता. उन्हाळ्यात सुट्टीवर आला तेव्हा त्यानं भाचीसाठी एक मोठं खोकं आणलं. झाकणावर आगगाडीचं चित्र. आत प्लॅस्टिकचे ठोकळे, एकावर एक दाबले की घट्ट बसणारे आणि ओढले की सुटणारे. लाल, पिवळे, काळे, राखाडी. प्लॅस्टिकचेच रूळ. चाकं होती, मोटार नव्हती. गाडी हातानं ढकलायची.

मामा-भाची फरशीवर पालथे पडून जोडत बसले. बरोबर चित्रांची एक चोपडी होती, तिच्यावर अक्षर एकही नव्हतं. मेहुणा एक पान लावायचा तोवर ती पुढच्या पानाचे ठोकळे निवडून ठेवायची. एका ठिकाणी तो अडला. तिनं चोपडी उलटी धरली, बघितलं आणि म्हणाली, "मामा, तुम्ही हा पाठीमागून लावलाय." त्यानं तपासलं. तसंच होतं. तो मोठ्यांदा हसला आणि दुकानाकडं तोंड करून ओरडला, "दाजी, तुमच्या गिऱ्हाईकांना सांगा, थोड्या दिवसांनी मोटारी हिच्याकडं आणा म्हणावं!"

मीही हसलो. हे मी स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं आहे, म्हणून इथं लिहून ठेवतो.

मेहुणा परत गेला. मुलगी रोज शाळेतून आली की खोकं उपडं करायची. एकदा जोडलेलं मोडायचं, दुसरं करायचं. एक पिवळा जिना तिनं बरेच दिवस चालवला होता. नुसता जिना, वर काही नाही. मी विचारलं, "हा कुठं जातो गं?" ती म्हणाली, "ते अजून ठरलं नाही."

माझ्या दुकानात एक बंद पडलेला टेपरेकॉर्डर पडून होता. मालक परत न्यायला आलाच नाही. त्याची मोटार काढून मी सेलवर लावून पाहिली, तर छान फिरली. दिवसभर पाच-सात हॉर्सपॉवरच्या धुडांशी झटापट करणाऱ्या माणसाच्या तळहातावर ती सुपारीएवढी गुरगुरत होती. त्याच दुपारी मी मधल्या दारातून मुलीला म्हणालो, "तुझं इंजिन दोन दिवस दे मला. मोटार बसवून देतो. आपोआप पळेल."

तिनं दोन्ही हातांनी उचलून आणून दिलं. वर सांगितलं, "पिवळी पट्टी पुढून येते, विसरू नका."

दोन दिवस. शब्द माझाच होता.

आमच्याकडं अमावस्येला कुणी मोटार विहिरीत सोडत नाही, नव्या कामाला हात घालत नाही. त्यामुळं त्या दिवशी दुकान उघडं असून रिकामं असायचं. पहिली अमावस्या मी इंजिनाला दिली. मोटार इतकी वेगानं फिरायची की चाकं जागच्या जागी भिरभिरायची आणि गाडी तिथंच. मोटारीच्या बारक्या पुलीवरून रबरी पट्टा घेऊन तो मोठ्या पुलीवर टाकला, वेग उतरवला, तेव्हा जोर आला. मग चाकं रुळावरून घसरायला लागली. सायकलच्या ट्यूबच्या बारीक कड्या कापून चाकांवर चढवल्या. तरी इंजिन हलकं पडायचं, म्हणून मोटारीच्या स्टॅम्पिंगच्या, म्हणजे गाभ्यातल्या पातळ लोखंडी, पत्र्या पोटात भरल्या. या सगळ्याला जागा पाहिजे, म्हणून इंजिन रुंद केलं, लांब केलं. रुंद-लांब करायला ठोकळे पाहिजेत.

ते मी तिच्याकडून घ्यायला लागलो. आधी मागून. "चार काळे दे गं." ती शोधून द्यायची. मग न मागता. ती शाळेत असताना मी आत जायचो आणि जे लागेल ते उचलायचो. पिवळे जिन्यात होते. एक पायरी काढली, दुसऱ्या दिवशी दुसरी. संध्याकाळी ती पायऱ्या मोजायची. नुसती मोजायची. मी दुकानातून ऐकत असायचो.

बायको एकदा म्हणाली, "अहो, पोरीचं खेळणं हाय का तुमचं?"

"तिच्यासाठीच तर चाललंय," मी म्हणालो.

"मग तिला बसवा की शेजारी."

"बारीक काम आहे. कय्या लागतो, हात भाजेल." कय्या म्हणजे डाग द्यायची सळई. ती तापलेली असते हे खरंच. पण दिवसभरात पंधरा मिनिटं कय्या तापायचा, बाकीचा वेळ थंड असायचा. तेव्हा बसवता आलं असतं.

मला तिथं एकट्यालाच बसायचं होतं. याला दुसरं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं. लहानपणी मला खेळणं मिळालं नाही, चपलेच्या तळाची चाकं कापून गाडी केली, वगैरे. ते खरं आहे, पण आमच्या आळीत कुणालाच खेळणं मिळालं नव्हतं. सगळ्यांनी काही आपल्या मुलींचं घेतलं नाही.

सेल लवकर उतरायचे, म्हणून मी छोटा ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. तो दुकानातल्या बोर्डावर लावायचा म्हणून गाडी दुकानात आली. जुन्या टेबलावर रूळ गोल मांडले, रुळांच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी चिकटवली आणि इंजिनाच्या पोटाखाली मिक्सरचे दोन कार्बन स्प्रिंगवर बसवले. ते पट्टीवरून घासत वीज घ्यायचे. बटण दाबलं की गाडी तीन डबे घेऊन निघायची. रेग्युलेटर फिरवला की हळू, सोडला की जोरात. मला ते दृश्य अजून स्पष्ट दिसतं, आणि सांगताना लाज वाटते की त्यात मुलगी कुठं उभी होती ते आठवत नाही.

गिऱ्हाईकं मात्र आठवतात. एक म्हातारे बागाईतदार मोटार घेऊन आले होते. ते स्टुलावर टेकले आणि दोन फेऱ्या गप बघत राहिले. मग म्हणाले, "मिस्त्री, माझा ऊस वाळतोय आन् तुमी रेल्वे काढली व्हय?"

"बाबा, तुमची मोटार वार्निशला ठेवलीय, सुकतीय."

"सुकू द्या, सुकू द्या. आमी बसतो गाडीत तवर. राहुरीला थांबती का न्हाई ही?"

दुकानातले सगळे हसले. मी रेग्युलेटर वाढवला. वळणावर इंजिन थरथरलं, पत्र्यांच्या वजनानं खालचा अर्धा भाग सुटला आणि वरचा अर्धा टेबलावरून खाली गेला. ठोकळे मोटारींच्या खालपर्यंत विखुरले.

"आरारा! मिस्त्री, माणसं किती गेली बघा आधी!"

हे आधीही होत होतं. मोटारीच्या थरथरीनं ठोकळे हळूहळू उचलले जायचे आणि चार-पाच फेऱ्यांत कुठंतरी फट पडायची. पण आतापर्यंत ते मी आणि फार तर घरचे बघत होते. त्या दिवशी सहा माणसांनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी चौकात मला एकानं विचारलं, "लाईन चालू झाली का?" गमतीतच. मला ती गंमत लागली.

पुढच्या अमावस्येला मी पाइपाचं सोल्युशन काढलं. बागाईत भागात प्रत्येकाकडं असतं ते. शेतात प्लॅस्टिकचे पाइप जोडायला डब्यातलं ते पातळ औषध दोन्ही तोंडांना लावतात, दाबून धरतात. मग पाइप फुटेल, पण सांधा सुटत नाही. ते नुसतं चिकटवत नाही, प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करतं. ठोकळ्यावर थेंब टाकून पाहिला, तर धरलं. मग मी सकाळपासून बसलो आणि इंजिन, तीन डबे, सगळे सांधे पक्के केले. उरलेले ठोकळे होते त्यांचा फलाट केला आणि तोही पक्का केला. ते करायची काहीही गरज नव्हती. फलाट थरथरत नव्हता. हात चालू होता म्हणून केलं.

जगात हे ठोकळे खेळणारी पुष्कळ माणसं आहेत, मोठी माणसंसुद्धा, असं मला अलीकडं कळलं. त्यांच्यात ठोकळा चिकटवणं म्हणजे पाप मानतात म्हणे. मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. पण पाइप जोडणाऱ्या प्रत्येक माणसाला जे ठाऊक असतं, ते मला ठाऊक होतं. सोल्युशन लावलं की परत नाही.

ती शाळेतून आली. दप्तर काढायच्या आधी टेबलाशी गेली. फलाटाचा एक लाल ठोकळा नखानं उचकटायला लागली. मग दातांनी. मग मला म्हणाली, "पप्पा, हा निघत नाही."

"निघायचाच नाही आता," मी म्हणालो. "पक्का केलाय."

मी ते अभिमानानं म्हणालो.

ती रडली नाही. तिनं ठोकळ्याचा वास घेतला, हात फ्रॉकला पुसला आणि आत गेली. आत फरशीवर रिकामं खोकं होतं. त्यात तिनं नंतर शाळेची जुनी पुस्तकं ठेवली.

पुढं खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही कारागीर माणसं हत्यारं पुसून, मांडून पूजा करतो. पकडी, पाने, गुंडाळायचं मशीन, मीटर. त्या वर्षी मी पाटावर हत्यारांच्या बरोबर आगगाडीही ठेवली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल इंजिनावर ठेवलं. पूजा केलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. मुलगी आली आणि फुलाकडं की इंजिनाकडं, कशाकडं ते माहीत नाही, तिनं हात केला. मी तिच्या हातावर चापट मारली.

"हत्याराला हात लावू नये," मी म्हणालो.

चापट जोरात नव्हती. पण मी त्याला हत्यार म्हणालो. त्या एका शब्दानं ते खोकं तिच्या नावावरून माझ्या नावावर झालं. घरात मी, ती आणि तिची आई, तिघांनीही ते ऐकलं.

पुढच्या उन्हाळ्यात मेहुणा आला. चहा झाला. त्यानं भाचीला जवळ बोलावलं. "काय काय बनवलंस गं माझ्या ठोकळ्यांचं? दाखव की."

ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मी तिच्या आधी बोललो.

"तिला कुठली गोडी त्याची! दोन दिवस खेळली आणि टाकून दिलं. वाया जायला नको म्हणून मी दुकानात मांडलं."

मेहुण्यानं माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "व्हय गं? आवडलं नाही तुला?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी काय चेहरा केला ते मला सांगता येणार नाही, पण काहीतरी केला असणार. ती म्हणाली, "नाही."

बायको चुलीपाशी होती. तिनं वळून पाहिलं नाही.

पुढच्या खेपेला मेहुण्यानं मुलीला फ्रॉक आणला, बांगड्या आणल्या, आणि ठोकळ्यांचं मोठं खोकं आपल्या पुतण्याला दिलं. दिवाळीत आम्ही सासरवाडीला गेलो, तेव्हा तो पुतण्या जोडत बसला होता आणि माझी मुलगी भिंतीला टेकून बघत होती. त्यानं म्हटलं, "तू पण घे." ती म्हणाली, "मला नाही येत."

आगगाडीचं म्हणाल तर दोन पावसाळ्यांत रबरी पट्टा सैल पडला, तांब्याची पट्टी काळी झाली. बोअर वाढले, काम वाढलं. मी ती कपाटावर टाकली आणि दुकानाची जागा बदलली तेव्हा भंगारवाल्याला दिली. माझा तो नाद इतकाच होता. एवढ्यासाठी तिचं खोकं गेलं.

मुलगी हुशार निघाली. दहावीला गणितात चांगले मार्क होते. सरांनी घरी येऊन सांगितलं, "सायन्सला घाला." तिनं कॉमर्स घेतलं. "मला मशीनबिशीन काही कळत नाही," ती म्हणाली. सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "तिची मर्जी." मोठ्या मनाच्या बापासारखा म्हणालो. पुढं ती शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन संगमनेरला गेली. तिचं वाईट झालं असं मी म्हणत नाही. तिचं चांगलं चाललंय. मी वेगळं सांगतोय.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिच्याकडं गेलो होतो. मिक्सर बंद पडला. जावई म्हणाले, "खालचं लाल बटण दाबून बघ ना." ती हसत म्हणाली, "नको बाई, मला भीती वाटते. लहानपणापासून मला त्याची आवडच नाही. मामांनी एवढे परदेशी ठोकळे आणले होते, मी हातसुद्धा लावला नाही. विचारा पप्पांना."

ती मला टोमणा मारत नव्हती. मी तिचा चेहरा नीट पाहिला. तिला तसंच आठवत होतं. चोपडी उलटी धरून मामाची चूक काढणारी मुलगी तिच्या आठवणीतून गेली होती. तिथं माझं वाक्य जाऊन बसलं होतं आणि तिला ते स्वतःचंच वाटत होतं.

मी मिक्सरचं बटण दाबून दिलं. त्या दिवशीही काही बोललो नाही.

घरी आल्यावर बायकोला म्हणालो, "तिला सांगायला पाहिजे." ती म्हणाली, "मग सांगा." एवढंच. आठवड्यानं एकटाच एसटीनं संगमनेरला गेलो. जावई कामावर होते. ती मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. दोन दिवसांचा शब्द, पिवळ्या पायऱ्या, सोल्युशन, चापट, मामासमोरचं खोटं. मोटारीचं काही सांगितलं नाही.

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी जोडायचे?"

"रोज. मामाच्या आधी तुझं व्हायचं."

"मला नाही आठवत."

"मला आठवतं."

तिनं जुडी खाली ठेवली. "ते चिकटवलंत त्याचं काही नाही, पप्पा. खेळणं होतं, गेलं. पण मी 'नाही' म्हणाले तेव्हा तुम्ही तिथं होतात."

"होतो."

"सहा-सात वर्षांची होते मी."

"हो."

तिनं देठांचा ढीग बाजूला सारला. मग म्हणाली, "मामांना फोन लावा. माझ्यासमोर सांगा."

मेहुणा आता परत आलाय, नाशकात असतो. मी फोन लावला, तिनं स्पीकर चालू केला. तेच सगळं परत सांगितलं. मग तो म्हणाला, "दाजी, एवढ्या वर्षांनी कशाला काढलंत? मला तेव्हाच माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"ताईचं पत्र यायचं की मला. पोरगी दिवसभर जोडत बसती, जेवायला उठत नाही, म्हणून लिहायची. तुम्ही म्हणालात तेव्हा मला कळलं, खोटं आहे ते."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तुमच्याच घरात बसून, तुमच्याच पोरीसमोर, आमच्या घरच्या जावयाला खोटं पाडू? आमच्या आईनं मला दारात उभं केलं नसतं. ताई पण त्याच्यामुळंच गप्प बसली. म्हटलं, दाजींचा शब्द हाय, राहू दे. पोरगी काय, विसरून जाईल."

तो पुढं तब्येतीचं, पावसाचं विचारत होता. मुलीनं फोन बंद केला.

मी आयुष्यभर समजत होतो की मी एकट्यानं एक खोटं लपवलं. लपलेलं काहीच नव्हतं. एवढ्याशा त्या खोलीत तीन मोठी माणसं होती, तिघांनाही खरं ठाऊक होतं, आणि तिघांनी मिळून जावयाचा, म्हणजे माझा, मान राखला. तो कुणाच्या जिवावर राखला, ते आत्ता ती माझ्यासमोर बसून ऐकत होती.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "मलाच तेवढं माहीत नव्हतं."

मी हो म्हणालो. माफ कर म्हणायला आलो होतो, पण ते म्हटलं असतं तर तिला लगेच काहीतरी बरं बोलावं लागलं असतं. आमच्या घरात तिला तसंच वळण लावलेलं आहे. म्हणून मी ते म्हणालो नाही. तिनं जुडी परत उचलली, आणि तिला जे बोलायचं असेल ते ती बोलो किंवा न बोलो, मी तिथंच बसून राहिलो.